बेंचमार्कमध्ये मराठी डेटा कुठाय?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

जेसन सोडा, प्रोटोबफ घ्या, मेसेजपॅक घ्या, इतके पट फास्ट, इतके पट लहान, असे बेंचमार्कचे, म्हणजे वेग-आकाराच्या तुलनेचे, चार्ट आता मराठी लेखांतही दिसायला लागलेत म्हणून हे पत्र. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ॲपमधली माहिती सर्व्हरकडे पाठवायची तर आधी तिचे बाइट्स करावे लागतात आणि तिकडे पोचल्यावर परत माहिती, ते कसं करायचं याच्या ठरलेल्या पद्धती, म्हणजे फॉरमॅट, म्हणजे जेसन, प्रोटोबफ, मेसेजपॅक, आणि प्रत्यक्ष काम करतात त्यांच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोड.

पण चार्ट बघण्याआधी टेस्टला डेटा कुठला घेतलाय ते बघा ना! मी पाहिलेल्या बहुतेक टेस्टमध्ये आकडे आणि इंग्रजी नावं असतात. आकड्यांत फायदा होतो हे खरंच आहे, १२३४५६७ ला जेसनमध्ये ७ बाइट लागतात, प्रोटोबफच्या व्हेरिंटमध्ये (लहान आकड्याला कमी बाइट देणारी पद्धत) ३. आता 'महाराष्ट्र' हा शब्द घ्या. काने आणि हलन्त धरून १० कॅरेक्टर, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे बाइट करायची नेहमीची पद्धत) प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे ३० झाले. जेसनमध्ये अवतरणचिन्हं धरून ३२, मेसेजपॅकमध्ये ३१, प्रोटोबफमध्ये टॅग (रकान्याची खूण) आणि लांबी धरून परत ३२. फरक जवळपास शून्य! जेसन प्रत्येक रेकॉर्डमध्ये फील्डचं, म्हणजे रकान्याचं, नाव परत परत लिहितं हे मान्य, पण जीझिप (पाठवताना डेटा दाबून लहान करणारी सोय) चालू असेल तर तेही बरंचसं दाबलं जातं.

खरा घोळ वेगळाच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं नेहमीचं जेसन मॉड्यूल डिफॉल्टला 'म' असा लिहीतच नाही, त्याजागी बॅकस्लॅश, यू आणि पुढे चार हेक्स अंक टाकतं, म्हणजे एका कॅरेक्टरला ६ बाइट आणि तोच 'महाराष्ट्र' ६२ बाइटचा. एन्शुअर आस्की नावाचं एक सेटिंग फॉल्स केलं की परत ३२, फॉरमॅट बदलायची गरजच नाही. गावांची, शेतकऱ्यांची, पेशंटची नावं मराठीत साठवणाऱ्या प्रत्येक टीमने हे आजच तपासावं असं मला मनापासून वाटतं, कारण तालुक्याच्या ठिकाणी नेटवर्क कसं असतं ते आपल्याला माहितीये.

स्पीडचंही तेच, फॉरमॅट आणि लायब्ररी यांची गल्लत होते. रस्ट या भाषेत लिहिलेली ओआरजेसन ही पायथनची लायब्ररी पण जेसनच लिहिते, तरी पायथनच्या नेहमीच्या मॉड्यूलपेक्षा कितीतरी वेगात, आणि मराठी सरळ यूटीएफ-८ मध्ये. उलट फ्लॅटबफर्स या आणखी एका फॉरमॅटमध्ये डिकोडचा, म्हणजे बाइट्सची परत माहिती करण्याचा, वेळ जवळपास शून्य दिसतो कारण ते आधी काही उलगडतच नाही, फील्ड वाचताना बफरमधून, म्हणजे आलेल्या बाइट्समधून, थेट काढतं, मग तो वाचायचा खर्च चार्टमध्ये धरलाय का हे विचारायला नको?

तेव्हा विनंती एवढीच, अशी तुलना छापताना लायब्ररीचं व्हर्जन, कुठल्या मशीनवर टेस्ट केली आणि जीझिप चालू होतं का हे लेखकाकडून जरूर घ्या, आणि टेस्टमध्ये एक तरी रेकॉर्ड मराठी मजकुराचं ठेवायला सांगा.

आपला,
एक सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे