बाबा, लाल पेन घेऊन वाचा

ती. आई-बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून निवांत बसून वाचा. आई, तू शेजारी बस, पण मध्येच उठून जाऊ नकोस.

मी जनसंवाद विभागातच थांबायचं ठरवलंय, पीएचडीसाठी. शिष्यवृत्तीचं पत्र परवा आलं आणि मी होकार कळवूनही टाकला. म्हणजे मे महिन्यात सगळं सामान घेऊन घरी येते असं म्हणाले होते, ते आता होणार नाही. कमीत कमी तीन वर्षं, कदाचित चार. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर बाबा "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाले असते, आई काही न बोलता आत गेली असती, आणि मग मला हो म्हणायचा धीरच झाला नसता.

दिवाणखान्यात बसून बाबांनी एकदा विचारलं होतं, "जनसंवाद म्हणजे तू नेमकं शिकतेस काय?" तेव्हा मी घाईत काहीतरी उत्तर दिलं. तो प्रश्न मनात राहिलाय. आज नीट सांगते.

त्या मार्चमधला दवाखान्यातून सुट्टी मिळतानाचा कागद आठवतो? गोळीच्या नावापुढे फक्त "ओडी" लिहिलं होतं. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, हे मला इथे आल्यावर कळलं. पाकीट संपलं, तुम्हाला वाटलं कोर्स संपला, आणि पुढचं सगळं झालं. बाबा, ती तुमची चूक नव्हती. आयुष्यभर तुम्ही हातात आलेला प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात. पाकीट संपल्यावर नवीन आणायचं, हे त्या कागदावर लिहिलेलंच नव्हतं.

आमच्या वर्गातल्या पाच जणांनी या वर्षी एका रुग्णालयासाठी नेमका हाच कागद नव्याने लिहिला. मी त्यात होते, पण खरं डोकं माझ्या मैत्रिणीचं. आधी आम्ही ऐटीत लिहिलं, "रक्तदाब नियंत्रणात ठेवा." एका बाईंना वाचून दाखवलं आणि विचारलं, आता तुमच्या शब्दांत सांगा, घरी जाऊन काय करणार? त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण मी करू काय?" या पद्धतीला इंग्रजीत टीच-बॅक म्हणतात. कळलं का असं विचारलं की माणूस भिडेपोटी हो म्हणतो. त्याच्या तोंडून परत ऐकलं तरच कळतं की आपण नीट सांगितलं की नाही. परीक्षा सांगणाऱ्याची असते, ऐकणाऱ्याची नाही. पाचव्या खर्ड्यात शेवटी हे उरलं: "ही गोळी रोज सकाळी घ्या. पाकीट संपलं की नवीन आणा. बरं वाटलं तरी स्वतःहून बंद करू नका." मधलं वाक्य मी घातलंय. आता त्या रुग्णालयात सुट्टी देताना हाच कागद देतात. ज्या दिवशी तो पहिल्यांदा एका आजोबांच्या हातात पाहिला, त्या दिवशी जिन्यात उभी राहून रडले मी.

बाकीच्यांचंही सांगते, कारण मला त्यांचा अभिमान आहे. दोन मुलांनी मतदान कसं करायचं हे सांकेतिक भाषेत समजावणाऱ्या छोट्या चित्रफिती केल्या, त्यासाठी आधी स्वतः ती भाषा शिकले. आमच्या बाईंना या वर्षी विद्यापीठाचा संशोधन पुरस्कार मिळाला. लसीबद्दलच्या अफवा कशा पसरतात यावर त्यांनी सहा वर्षं काम केलं आणि निबंध छापायला देण्याआधी ज्या ज्या घरी मुलाखती घेतल्या तिथे जाऊन तो वाचून दाखवला. "तुमच्याबद्दल लिहिलंय, बरोबर आहे का बघा," म्हणून. पीएचडीला माझ्या मार्गदर्शक त्याच आहेत. त्यांच्यासोबत काम करायला मिळणं ही माझ्यासाठी खूप मोठी गोष्ट आहे, आई.

आणि बाबा, तुम्ही नेहमी म्हणायचात ना, पेपर काय छापतो त्याहून कुठल्या पानावर छापतो ते बघ? मॅकोम्ब्स आणि शॉ नावाच्या दोन तरुण प्राध्यापकांनी 1968 च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल या तिथल्या गावातल्या 100 मतदारांना गाठलं. कोणाला मत द्यायचं हे त्या सगळ्यांचं अजून ठरलेलं नव्हतं. तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, एवढंच त्यांना विचारलं, आणि ती उत्तरं बातम्यांशी ताडून पाहिली. बातम्यांमध्ये जे ठळक, तेच लोकांच्या लेखी महत्त्वाचं. निबंध 1972 मध्ये छापून आला आणि अजून जगभर शिकवतात. वर्गात तो शिकवला तेव्हा मला तुमचा आवाज ऐकू येत होता.

पण मला ज्या कामाने इथे थांबवलं ते दुसरंच आहे. 1970 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन फार्कर हे डॉक्टर आणि नेथन मॅकोबी हे संवादशास्त्राचे प्राध्यापक एकत्र आले. त्यांनी कॅलिफोर्नियातली तीन लहान गावं निवडली. दोन गावांत दोन वर्षं रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्रांतून हृदयविकार कसा टाळायचा ते सांगत राहिले, इंग्रजीतून आणि स्पॅनिशमधूनही, कारण तिथल्या बऱ्याच घरांत स्पॅनिश बोलत. त्यांतल्या एका गावात जास्त धोका असलेल्या काही माणसांना समोर बसवूनही शिकवलं. तिसऱ्या गावात काहीच केलं नाही, फक्त मोजमाप केलं. ज्या दोन गावांत सांगितलं, तिथे लोकांचा हृदयविकाराचा धोका कमी झाला. तिसऱ्यात तो वाढला. बाबा, फरक पडला तो नीट सांगण्याने, लोकांच्या भाषेत आणि पुन्हा पुन्हा. मला हेच करायचंय. ज्यांना "ओडी" कळत नाही त्यांच्यासाठी.

माझी अजिबात काळजी करू नका. वसतिगृहात आता स्वतंत्र खोली मिळालीय, पूर्वेला खिडकी आहे, सकाळी ऊन थेट टेबलावर येतं. गरम पाणी असतं. जेवण वेळेवर होतं, अकराच्या आत झोपते. आईने दिलेली गोधडी पायथ्याशीच असते. शिष्यवृत्तीत माझं भागतं, त्यामुळे बँकेतल्या ठेवींना हात लावायचा नाही, माझ्यासाठी तर मुळीच नाही. दर दोन महिन्यांनी चार दिवस येणार आहे, तारखा सोबत लिहून पाठवल्यात, कॅलेंडरवर आत्ताच खुणा करा.

आता नीट ऐका. रक्तदाब घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला. त्या वेळी बोलायचं नाही, आई, तूही त्यांना बोलायला लावायचं नाहीस. आकडा वहीत लिहायचा, चांगला आला तरी लिहायचा आणि चांगला आला म्हणून गोळी चुकवायची नाही. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. रात्री पॅसेजमधला दिवा चालू राहू दे, विजेचं बिल मी बघेन. दादा रविवारी येईल तेव्हा त्याला "सगळं ठीक" सांगून परत पाठवू नका, दुखत असेल ते दुखतंय म्हणून सांगा. मी रागावत नाहीये. लांब असले की आवाज चढतो माझा, एवढंच.

तुम्ही आजीला पेपर वाचून दाखवायचात ते आठवतं, बाबा. मी मांडीवर. "अर्थसंकल्प" आला की तुम्ही न थांबता "सरकारचा वर्षाचा हिशेब" म्हणायचात आणि आजी मान हलवायची. छापलेलं एक आणि तुम्ही वाचता दुसरंच, हे मला अक्षरं यायला लागली तेव्हा कळलं. पुरस्कार-समारंभात बाईंनी मला विचारलं, हे काम तुला कुठून सुचलं, तेव्हा मी हेच सांगितलं त्यांना.

सोबत चार पानं आहेत, मोठ्या अक्षरात. मधुमेहाच्या रुग्णांसाठीच्या कागदाचा पहिला खर्डा आहे. जिथे अडखळाल, जो शब्द दोनदा वाचावा लागेल, तिथे खूण करा. माझं लिखाण आहे म्हणून सोडून देऊ नका. आईलाही वाचायला द्या, तिच्या खुणा वेगळ्या पेनाने. लाल पेन टेबलाच्या उजव्या ड्रॉवरमध्ये आहे, मी जाताना नवीन ठेवून आलेय. पंधरा तारखेच्या आत परत पाठवा, सोळाला बैठक आहे.

तुमची,
धाकटी