बंकर हिल दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीला लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्या कोल्हापुरातल्या फिल्म सोसायटीचा खेळ संपल्यावर जो तो विचारत होता, एवढी बारीक माहिती आणलीत कुठून? त्या संध्याकाळी टाळ्या मला मिळाल्या. ज्याचं श्रेय त्याला चारचौघांत द्यावं, म्हणून हे जाहीर पत्र.

सिनेमा होता १९५५ चा ‘किस मी डेडली’, दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्ड्रिच. खर्च साधारण चार लाख दहा हजार डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चणे-फुटाणेच. चित्रीकरण तीनेक आठवड्यांत उरकलेलं. मोठा नट नाही; खाजगी गुप्तहेर माइक हॅमर झालेला राल्फ मीकर तेव्हा काही घराघरांत पोचलेला नव्हता, आणि सुरुवातीला ट्रेंचकोट घालून अनवाणी पळत येणाऱ्या क्लोरिस लीचमनचं तर हे मोठ्या पडद्यावरचं पहिलंच ठळक काम. मिकी स्पिलेनच्या कादंबरीत न्यूयॉर्क आहे आणि अमली पदार्थ आहेत. पटकथाकार बेझेरिडिस यांनी गोष्ट उचलून लॉस एंजेलिसला नेली आणि अमली पदार्थांच्या जागी एक तापलेली पेटी ठेवली. पोलीस अधिकारी अणुबॉम्बशी जोडलेली तीनच नावं घेतो, मॅनहॅटन प्रोजेक्ट, लॉस अ‍ॅलामोस, ट्रिनिटी, आणि हॅमरचा चेहरा उतरतो. एवढं मी पुस्तकांतून गोळा केलं होतं. एवढ्यावर भाषण झालंही असतं, आणि लोक जांभया देत घरी गेले असते.

मी तुम्हाला विचारलं ते इतकंच, की हॅमर गाडी लावून लाकडी जिना चढतो आणि बाजूने रुळांवरचा डबा सरकत जातो, ती जागा आज कुठे आहे? ओळखीच्या ओळखीतून तुमचा पत्ता मिळालेला. तुम्ही त्या शहरात नगररचनेचं काम करून निवृत्त झालात, एवढंच ठाऊक होतं. उत्तरात चार ओळी येतील असं वाटलं होतं. तुम्ही जुना नकाशा पाठवलात, त्यावर लाल पेनाने खुणा केल्यात, सेंट्रल लायब्ररीच्या संग्रहात कुठले फोटो बघायचे ते लिहिलंत, आणि वर स्वतः हिल स्ट्रीटवर जाऊन आजची जागा मोबाइलवर टिपून पाठवलीत. गुडघेदुखीचा उल्लेख तुम्ही सहज केला होता, तो मी विसरलेलो नाही.

त्या नकाशामुळे सिनेमाच बदलला. तो जिना ज्या टेकडीवर चढतो ती म्हणजे लॉस एंजेलिसमधली बंकर हिल. तो डबा एंजल्स फ्लाइट या टेकडीवरच्या चिमुकल्या रेल्वेचा, १९०१ पासून चढ-उतार करणारा. दोन डबे, सिनाई आणि ऑलिव्हेट. वर थर्ड आणि ऑलिव्ह या रस्त्यांच्या कोपऱ्यावर हिल क्रेस्ट हॉटेल. तिथेच हॅमर म्हाताऱ्या ऑपेरा गायकाकडे जातो आणि माहिती काढण्यासाठी त्याची जपून ठेवलेली नामवंत ऑपेरा गायक कारुसोची तबकडी त्याच्या डोळ्यांदेखत मोडतो. (आमच्या प्रेक्षकांत रेकॉर्ड जमवणारे दोघे आहेत. त्या क्षणी दोघांनीही एकाच वेळी ‘अरे!’ केलं. खुनाला कुणी हूं की चूं केलं नव्हतं.)

ऑल्ड्रिचकडे अख्खी टेकडी सेटवर उभी करायला पैसा असता तर कदाचित त्याने तेच केलं असतं, असं मी भाषणात म्हणालो. पैसा नव्हता, म्हणून कॅमेरा रस्त्यावर गेला आणि ते जिने, ती लाकडी घरं, त्या भिंती फिल्मवर राहिल्या. १९५९ मध्ये पुनर्विकासाला मंजुरी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत टेकडीवरची वस्ती जवळजवळ सगळी साफ झाली. उरलेली दोन जुनी घरं १९६९ मध्ये दुसरीकडे हलवली आणि त्याच वर्षी ती जळाली. एंजल्स फ्लाइटही १९६९ लाच बंद पडली. १९९६ मध्ये परत सुरू झाली ती मूळ जागेपासून अर्धा ब्लॉक सरकून. म्हणजे तुम्ही जिथे उभ्या राहून फोटो काढलात, तिथे हॅमर कधी चढलाच नव्हता, हे तुम्हीच हसत लिहिलंत.

पण मला खरं अडवलं ते तुमच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाने. तुम्ही लिहिलंत की अशा सिनेमांचं नुसतं कौतुक करू नकोस. पडद्यावर जिथे गुंड आणि संशयित दिसतात, त्या खोल्यांमध्ये पेन्शनवर दिवस काढणारी म्हातारी माणसं भाड्याने राहत होती. टेकडी पाडायची तर आधी ती बदनाम व्हावी लागते, आणि काळोख्या जिन्यांच्या या सिनेमांनी त्या बदनामीला हातभारच लावला. ज्या कॅमेऱ्याने टेकडी जपली, त्यानेच तिला गुन्हेगारांची जागा ठरवलं. मी हे जसंच्या तसं वाचून दाखवलं, तुमचं नाव न घेता. सभागृहात वाद पेटला. एका बाईंनी सांगितलं की सिनेमा घरं पाडत नाही, माणसं पाडतात. चौकीदार दिवे मालवायला आला तरी मंडळी हलेनात.

शेवटाबद्दलही तुमचे आभार. कित्येक वर्षं फिरलेल्या प्रतींत किनाऱ्यावरचं घर पेटतं आणि सिनेमा संपतो. हॅमर आणि त्याची सेक्रेटरी वेल्डा वाचले की नाही, कळतच नाही. ऑल्ड्रिचच्या स्वतःच्या प्रतीत ते दोघे धडपडत पाण्यापर्यंत पोचतात, आणि १९९७ मध्ये तो मूळ शेवट परत जोडला गेला. तुम्ही कुठली डिस्क मागवायची ते सांगितलंत, म्हणून आम्ही दोन्ही शेवट लागोपाठ दाखवू शकलो. हात वर करून मत घेतलं तर तरुणांना कापलेला शेवट आवडला, आणि मला तो मान्य नाही. पाण्यात उभं राहून त्या आगीकडे बघणं मरण्यापेक्षा जास्त भयंकर आहे.

तुमचा नकाशा मोठा छापून आमच्या खोलीत लावलाय. पुढच्या हिवाळ्यात भारतात येणार आहात असं म्हणाला होतात. तारीख कळवा. या वेळी बोलायचं तुम्ही, प्रोजेक्टर मी सांभाळतो. जिना नाही, सभागृह तळमजल्यावरच आहे.

आपला,
सोसायटीचा एक कार्यकर्ता