फिक्कं म्हणालो होतो, त्याबद्दल

रत्नागिरी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे तोक्योत निशी-कासाईला होतो तेव्हा एका रविवारी तू असारी, म्हणजे आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, घालून उदोन केलं होतंस, त्या गव्हाच्या जाड शेवया रश्श्यात. मी पहिल्याच घोटाला म्हणालो, "फिक्कं आहे गं. लोणचं आहे का?" तू काही न बोलता बरणी पुढे ठेवलीस आणि आईने टेबलाखाली माझा पाय दाबला. तेव्हा का दाबला ते कळलं नव्हतं. आता इथे दोनदा उदोन करून बघितल्यावर कळलं. फोनवर हे बोलायला गेलो की मी हवापाण्यावर घसरतो, म्हणून लिहितोय.

तू बॅगेत कोंबलेली उदोनची पाकिटं आणि कोंबूची, त्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी कपाटात तशीच पडून होती. परवा मिरकरवाड्याहून येताना एका बाईंकडे तिसऱ्यांचे वाटे दिसले, टपोरे. दोन घेतले. आईला वाटलं, सुकं करायचं. ती अडुळी काढून बसलीसुद्धा. म्हटलं, आज चिरायच्या नाहीत, अख्ख्याच शिजवायच्या आहेत. तिने माझ्याकडे जे बघितलं ते तू ओळखशील.

तुझ्या घरी तू असारी मिठाच्या पाण्यात ठेवून वर वर्तमानपत्र झाकलं होतंस, ते आठवलं. एक लिटरला ३० ग्रॅम मीठ, म्हणजे जवळपास समुद्राइतकं खारट. पसरट ताटलीत तिसऱ्या एकावर एक न येतील अशा मांडल्या, जेमतेम बुडतील एवढं पाणी घातलं आणि अंधार केला. अर्ध्या तासाने कागद उचलून पाहतो तर प्रत्येकीने शिंपल्यातून दोन नळ्या बाहेर काढलेल्या! ओट्यावर पाण्याच्या चिळकांड्या. आयुष्यभर तिसऱ्या खाल्ल्या, पण अशा आरामात बसलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. तीन तासांत ताटलीच्या तळाशी वाळूचा थर जमला. जी तोंड उघडून बसलेली आणि टिचकी मारली तरी मिटेना, ती मेलेली. अशा चार टाकून दिल्या.

पहिल्या दिवशी फजिती झाली. पाण्यातून काढल्या आणि तशाच पातेल्यात टाकल्या. वर सवयीने मीठ, शिवाय सोया सॉसचे दोन मोठे चमचे. रस्सा कसला, भाट्याच्या समुद्रात गटांगळी खाल्ल्यासारखं झालं! रसायनशास्त्राच्या मास्तराला हे शोभतं का? शिंपलीच्या पोटात समुद्र भरलेला असतो, मळतानाच उदोनच्या कणकेतही मीठ पडलेलं असतं. त्यात मी आणखी कशाला ओतायचं? दुसऱ्या खेपेला तिसऱ्या पाण्यातून काढून तासभर चाळणीत नुसत्या ठेवल्या. आतलं खारं पाणी आपोआप गळून गेलं.

कोंबूचं मात्र पहिल्यापासून जमलं. लिटरभर गार पाण्यात १० ग्रॅमचा तुकडा, अर्धा तास भिजत, मग मंद आच. उकळी फुटायच्या आत काढायचा, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. १९०८ मध्ये तुमच्या तोक्योतच इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने याच कोंबूतून त्याला चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. मी मात्र वर्गात वर्षानुवर्षं जिभेच्या चारच चवी शिकवत राहिलो. शिंपल्यांत सक्सिनिक आम्ल असतं, तेही चवीला याच घराण्यातलं. ही दोन पाणी एकत्र आली की मसाल्याला तिथे काम उरत नाही. मी शोधत होतो तिखट आणि समोर होतं हे.

तू घालतेस ती साके, तांदळाची जपानी दारू, इथे कुठून आणणार? शेजाऱ्यांनी फेणी सुचवली. म्हटलं, नको, तिचा वास सगळ्यांवर दादागिरी करेल. शेवटी नाशिकच्या पांढऱ्या वाइनचा अर्धा पेला घातला. आल्याच्या चार चकत्या, वर झाकण, मोठी आच. चार मिनिटांत टकटक आवाज येऊन शिंपल्या उघडल्या. न उघडलेल्या काढून टाकल्या. सुटलेलं पाणी दुधट, अगदी तांदळाच्या पेजेसारखं. ते फडक्यातून गाळून कोंबूच्या पाण्यात घातलं. सोया सॉस एकच लहान चमचा. मीठ नाही. उदोन वेगळं, बिनमिठाच्या पाण्यात उकडून गार पाण्याखाली चोळून घेतलं (आई म्हणाली, "हे तर गव्हाचे शिरवाळे"), मग रश्श्यात पुन्हा गरम केलं. वर कांद्याची पात.

आईने चमचा बाजूला ठेवला आणि वाडगा उचलून तोंडाला लावला. एकदम रिकामा केला. मग म्हणाली, "पोरीचं याहून चांगलं होतं. आणि तुम्ही लोणचं मागितलंत." ठीक आहे, मागितलं. चुकलंच.

त्याच आठवड्यात तू आम्हाला तोक्योतल्याच फुकागावाला नेऊन असारी-भात खाऊ घातला होतास, तो मी मिटक्या मारत खाल्ला. का, तर त्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, होतं आणि ते माझ्या जिभेला ओळखीचं, खारट, दणकट लागलं. कोळ्यांचं जेवण ते, पटकन होणारं, पटकन कळणारं. तुझ्या उदोनला थोडं थांबावं लागतं. मी थांबलो नाही.

काढलेला कोंबू फेकला नाही. आईने बारीक चिरून कांदा-मिरचीवर परतला, भाकरीबरोबर बरा लागला. शिंपल्या मोगऱ्याच्या कुंडीत गेल्या. उदोनचं एक पाकीट उरलंय, पण कोंबू संपला. दिवाळीत येशील तेव्हा दोन पट्ट्या आण, आणि रस्सा तूच कर. लोणच्याची बरणी मी आधीच वरच्या फळीवर ठेवून देतो.

तुझा,
बाबा