चौकशी शिपायापाशीच का थांबते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुरुंगातली बातमी वर्तमानपत्रात साधारण एकाच साच्यात येते. बराकीत मोबाइल सापडला, कैद्यांत मारामारी झाली किंवा एखादा कैदी दगावला. चौकशीचे आदेश निघाले, एक शिपाई आणि एक तुरुंगाधिकारी निलंबित झाले. पाच ओळी, आतल्या पानावर. विधी सहायाची वकील म्हणून मी पंचवीस वर्षे कारागृहांच्या मुलाखत खोल्यांमध्ये बसले आहे. त्यामुळे त्या पाच ओळींनंतरची सहावी ओळ मी नेहमी शोधते. या शिपायाच्या वर कोण होते आणि त्यांना काय विचारले गेले? ती ओळ सहसा सापडत नाही.

याची मुळे जुनी आहेत. ज्या 1894 च्या कारागृह कायद्यावर आपल्या तुरुंगांची घडी बसली, त्याचे कलम 54 एकदा काढून वाचावे. कर्तव्यात कसूर केल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात होती. पण कोणासाठी? जेलर आणि त्याच्या हाताखालच्यांसाठी. कारागृहाचा प्रमुख असलेला अधीक्षक त्यात नाही, साऱ्या खात्याचा प्रमुख असलेला महानिरीक्षक तर नाहीच. साहेबाने कोणाला जाब द्यायचा, हा प्रश्न हा कायदा करणाऱ्यांना पडलाच नव्हता. पुढे खात्याच्या नावात ‘सुधारसेवा’ आली, पण धाक अजूनही वरून खालीच वाहतो.

पैसे घेऊन मोबाइल आत सोडणाऱ्याला मी पाठीशी घालत नाही. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून 2017 मध्ये अंडी आणि पाव कमी भरल्यावरून एका कैदी बाईला इतकी मारहाण झाली की ती गेली, असा आरोप आहे. सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली, खुनाचा खटला उभा राहिला. ते योग्यच झाले. पण अंड्या-पावावरून हात उचलण्याइतकी मोकळीक एका दिवसात तयार होत नाही. तिथल्या बायकांनी तक्रार कोणाकडे करायची होती, तुरुंगाची पाहणी करायला नेमलेले अभ्यागत मंडळ त्या बराकीत कधी गेले होते, मुख्यालयाने त्या कारागृहाची शेवटची तपासणी कधी केली, ही चौकशी फौजदारी खटल्यात होत नाही. ती खात्याने करून जाहीर करायची असते.

गर्दीचेही तसेच आहे. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266 होती आणि आत 5,73,220 माणसे होती. त्यांतले शंभरातले पंचाहत्तरहून अधिक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. आपले अधिकारी हे आकडे पावसाच्या आकड्यांसारखे सांगतात. यंदा जास्त पडला, काय करणार! पण गर्दी आभाळातून पडत नाही. तिच्यातला काही भाग तरी तुरुंगाच्या कचेरीत न हललेल्या कागदांचा असतो.

एक उदाहरण सांगते. चोरीच्या आरोपातला एक तरुण मला एका कारागृहात भेटला. त्याला जामीन मंजूर होऊन पाच महिने झाले होते. पंधरा हजारांचा जामीनदार मिळाला नाही म्हणून तो आतच होता आणि हे बाहेर कोणालाही माहीत नव्हते. मी दुसऱ्याच कोणाच्या कामासाठी गेले होते, तो शेजारच्या बाकावर बसला होता म्हणून कळले. अर्ज केला, रक्कम कमी झाली, चौथ्या दिवशी तो सुटला. ते पाच महिने कोणाच्या खात्यावर लिहायचे, हे मला आजही कळलेले नाही. ड्युटीवरच्या शिपायाच्या तर नक्कीच नाही.

आता यासाठी स्पष्ट नियम आहे. जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर अधीक्षकाने गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याचे कलम 479 त्याहून पुढे जाते. कमाल शिक्षेचा अर्धा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडायचे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला असेल तर एक तृतीयांश काळ भरताच. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, अनेक खटले असलेल्यांनाही सवलत नाही. महत्त्वाचे असे की, ती मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने थेट अधीक्षकावर टाकली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या प्रकरणांनाही लागू केले. म्हणजे उत्तर कोणी द्यायचे ते कायद्यातच लिहिले आहे. मुदत भरली आणि अर्ज गेला नाही, तर अधीक्षकाला विचारणारा कोण, एवढेच ठरायचे बाकी आहे.

तुरुंगातल्या सुधारणांचा आपल्याकडचा इतिहास बराचसा पत्रांचा इतिहास आहे. तिहारमध्ये हेड वॉर्डरने एका कैद्याचा छळ केला, तेव्हा सुनील बत्रा या दुसऱ्या कैद्याने न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि तीच याचिका मानली गेली. 2013 मध्ये माजी सरन्यायाधीश लाहोटी यांनी 1,382 तुरुंगांतल्या अमानवी परिस्थितीबद्दल पत्र लिहिले, त्यावरही खटला चालला. पत्र पोचले म्हणून काही हलले, याचा आनंद आहे. पण अधीक्षकाच्या टेबलावरून न जाता तक्रार बाहेर पडायला दर वेळी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागावे का? किरण बेदी 1993 ते 1995 या काळात तिहारच्या प्रमुख होत्या. त्यांनी फिरती तक्रारपेटी सुरू केली, वरिष्ठाने स्वतः वाचण्यासाठी. साधी गोष्ट होती, पण वरच्याने ऐकायचे ठरवले की खालचा हात आवरतो.

अडचण ही की असे अधिकारी बदलून जातात. आपल्या राज्यात कारागृहांचा प्रमुख पोलीस दलातून येतो. खाते समजेपर्यंत पुढच्या बदलीचा आदेश येऊ शकतो. कारागृहांसाठी स्वतंत्र सेवा असावी, असे न्या. मुल्ला समितीने 1983 मध्येच सुचवले होते. बदलून गेलेल्याला कोणी विचारत नाही आणि नव्याने आलेला म्हणतो, हे माझ्या आधीचे आहे. मला स्वतंत्रपूर आठवते. 1939 मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून भिंतींशिवायची कैद्यांची वसाहत उभी राहिली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ती उभी राहू दिली. एखादा कैदी पळाला असता तर बोल राजालाच लागला असता. तुरुंग हा राज्यांचा विषय आहे, तेव्हा आज ती जागा गृहमंत्र्यांची आणि खातेप्रमुखांची आहे.

आणि चूक झाल्यावर किंमत कोण मोजतो? बिहारमध्ये एक माणूस 1968 मध्ये निर्दोष सुटूनही 1982 पर्यंत तुरुंगात राहिला. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये त्याला एकूण 35,000 रुपये भरपाई देवविली. ती राज्याने दिली, म्हणजे तुम्ही-आम्ही. चौदा वर्षांत त्या कारागृहावर जे जे अधीक्षक येऊन गेले, त्यांनी नाही.

म्हणून माझी मागणी आहे की खातेप्रमुखाने दरवर्षी आपल्या सहीचे निवेदन विधिमंडळापुढे ठेवावे. कोठडीतले किती मृत्यू झाले आणि किती न्यायालयीन चौकशा पूर्ण झाल्या, कलम 479 खाली कोणत्या कारागृहातून किती अर्ज गेले, जामीन मिळूनही सात दिवसांनंतर किती जण आत होते, हे त्यात कारागृहवार असावे. प्रमुखाला ठरलेला कार्यकाळ द्यावा. मग बदलीच्या आड कोणाला लपता येणार नाही.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. पुढच्या वेळी निलंबनाची बातमी देताना एवढे विचारून छापावे : त्या कारागृहाच्या अभ्यागत मंडळाची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, त्यांनी वहीत काय शेरा लिहिला आणि त्यावर वरून काय उत्तर आले.

आपली,
एक निवृत्त वकील