‘परिचारिका वर्गाचे आभार’ या ओळीत जे मावलं नाही

प्रिय सिस्टर,

रात्रपाळीच्या नोंदींवरचा आपला संशोधनाचा पेपर छापून आला. ‘आपला’ म्हणतेय खरी, पण लेखकांच्या यादीत पाच नावं आहेत आणि त्यांत तुमचं नाही. अगदी शेवटी, बारीक टायपात, ‘वॉर्डातील परिचारिका वर्गाचे आभार’ अशी एक ओळ आहे. ती मीच लिहिली होती. लिहिताना काही वाटलं नाही, छापलेली वाचताना मात्र लाज वाटली. ओळ चारचौघांत छापली गेली, म्हणून हे पत्रही चारचौघांतच लिहितेय.

(पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाहीतर पहिली हजेरी तुम्हीच घ्याल.)

मी या मेडिकल कॉलेजात मानसशास्त्राची अध्यापक म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्याकडे एक डिग्री होती, टेस्टची एक पेटी होती आणि तळमजल्यावर एक खोली होती. तुमच्या वॉर्डातून आलेला पहिला रेफरन्स अजून पाठ आहे. ‘पेशंट सहकार्य करत नाही, जेवत नाही. समुपदेशन करावे.’ मी वर आले. साठीचे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडले होते, आवाज बारीक, उत्तरं एकेका शब्दाची. डिप्रेशन, असं मी मनात लिहूनही टाकलं होतं. तुम्ही शेजारच्या बेडचं सलाइन बदलत होतात. माझ्याकडे न बघताच म्हणालात, “मॅडम, हे आत्ता शांत आहेत. रात्री दीडला यांनी सलाइन उपसून टाकलं आणि मुलीला आई म्हणून हाका मारत होते. परवा दाखल झाले तेव्हा पेपर वाचत बसले होते. हे तुमच्या फॉर्मात कुठे लिहायचं?”

कुठेच नव्हतं ते. मी त्यांना वार उलटे म्हणायला सांगितले. रविवार, शनिवार, पुन्हा रविवार, आणि मग ते खिडकीकडे बघत राहिले. हा डिलिरियम होता, म्हणजे आजारपणात अचानक उडणारा मेंदूचा गोंधळ, आणि तोही गप्प पडून राहणारा, जो हमखास डिप्रेशन समजला जातो. रेसिडेंटनं रक्त पाठवलं तर सोडियम घसरलेलं. ते सावरलं आणि चारेक दिवसांनी त्यांनी पेपर मागितला. तुम्ही बोलला नसतात तर मी सोडियम कमी झालेल्या माणसाला आयुष्याकडे सकारात्मक नजरेनं कसं पाहावं ते समजावत बसले असते.

गंमत म्हणजे हेच मी वर्गात शिकवत होते. शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेली, डिलिरियम ओळखायची सीएएम ही पद्धत मी फळ्यावर लिहून द्यायचे: अचानक झालेला आणि कमीजास्त होत राहणारा बदल, लक्ष न टिकणं, आणि यांच्या जोडीला विस्कळीत विचार किंवा शुद्धीच्या पातळीतला फरक. यातली पहिली अट तपासायला रात्र पाहावी लागते. रात्री मी घरी असते आणि वॉर्डात तुम्ही असता. छापलेल्या पेपरचं मूळ एवढंच आहे, सिस्टर. सकाळच्या तपासणीच्या आधी रात्रपाळीच्या नोंदी वाचाव्यात, ही कल्पना आमच्या पाचांपैकी कुणाचीच नव्हती.

माझ्या नोट्सचंही तसंच. सुरुवातीला मी केस पेपरवर अडीच-अडीच पानं लिहायचे. बालपण, स्वभाव, कौटुंबिक पार्श्वभूमी, टेस्टचे आकडे. तुम्ही एकदा ती पानं बोटानं मोजलीत आणि विचारलंत, “रात्री चाळीस पेशंट बघणारी मुलगी यातलं काय वाचणार?” मला राग आला होता, आज कबूल करते. तेव्हापासून मी शेवटची ओळ आधी लिहिते: आज रात्री काय करायचं. ‘दिवा मंद चालू ठेवा, चष्मा हाताशी द्या, मुलीला थांबू द्या.’ बाकीचं त्यानंतर. आता माझ्या विद्यार्थ्यांना मी हीच शिस्त लावते आणि त्यांनाही राग येतो.

पीएचक्यू-९ वरून, म्हणजे डिप्रेशन मोजायच्या प्रश्नावलीवरून, आपलं जे झालं ते तर मी दरवर्षी पहिल्या लेक्चरला सांगते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. वॉर्डातल्या पेशंटना भराभर गुण मिळत होते आणि मी चिंतेत. तुम्ही फॉर्म वाचलात. “झोप लागत नाही? पाचला उठवून बीपी मी घेते. थकवा? हिमोग्लोबिन बघा. भूक? तोंडाची चव गेलीय औषधांनी.” आजाराची लक्षणं आणि उदासीची लक्षणं एकाच रकान्यात पडतात हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पाचच्या बीपीचं कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आणि त्याच फॉर्मवर तुम्ही दुसरी गोष्ट दाखवलीत, जी जास्त महत्त्वाची होती. इंटर्ननी भरलेल्या फॉर्मांत नववा प्रश्न बऱ्याचदा रिकामा असायचा, जगण्यापेक्षा मेलेलं बरं असं वाटतं का, तो. “पोरांचा आवाज तिथे खाली जातो,” तुम्ही म्हणालात. “पेशंटला कळतं की नाही म्हणायचंय.” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे, हे मी संशोधनांचे दाखले देऊन सांगत होते. पण पोरांना दाखल्यांची गरज नव्हती. त्यांना तो प्रश्न सरळ आवाजात विचारलेला एकदा ऐकायचा होता. तुम्ही विचारलात, वीस विद्यार्थ्यांसमोर, माझ्याकडे बघून. मला क्षणभर खरंच उत्तर द्यावंसं वाटलं.

त्यातूनच तुम्हाला नातेवाइकाच्या भूमिकेत बसवायची कल्पना सुचली. हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टनं १९६३ मध्ये शिकवण्यासाठी खोटा पेशंट वापरला, तेव्हापासून ही रीत जगभर चालत आलीय. आपल्याकडे ती तुमच्या चहाच्या सुट्टीत चालली. विद्यार्थी वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या, ‘स्पाइक्स’, घोकून यायचे. त्या दिवशी एकानं सहाही पायऱ्या बिनचूक म्हटल्या, उभ्यानं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. वर्ग चुळबुळायला लागला, तो मुलगा पुन्हा पहिल्या पायरीवर गेला, तरी तुम्ही गप्प. शेवटी म्हणालात, “खुर्ची मोडलीय का?” तो बसला. खरं शिकणं तिथून पुढे सुरू झालं.

एक गोष्ट मात्र मला त्या वेळी कळलीच नव्हती. एका संध्याकाळी एक रेसिडेंट माझ्या खोलीत आला, तुम्ही स्टेपलर आणायला पाठवला होता. स्टेपलर घेतला आणि तो उभाच राहिला. त्या दिवशी त्याचा पेशंट गेला होता, तरुण, अनपेक्षितपणे. तो तासभर बसला. मी त्याला शिकवत होते, परीक्षेचे गुणही माझ्या हातात होते, म्हणून त्याचे उपचार मी स्वतःकडे घेणं बरोबर नव्हतं. बाहेरच्या सहकाऱ्याशी गाठ घालून दिली. पण पहिला तास माझाच होता. आठवड्यानंतर तुमच्या टेबलावर मला तीन स्टेपलर दिसले.

मेडिकल कॉलेजात मानसतज्ज्ञाची जागा विचित्र असते. डॉक्टरांच्या बैठकीत मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्रवाल्यांना मी हॉस्पिटलची वाटते. बढतीच्या अर्जात लेक्चरचे तास मोजतात, पेपर मोजतात, ओपीडीचे आकडे मोजतात. वॉर्डाच्या दारात उभ्याउभ्या झालेलं बोलणं कुठल्याच रकान्यात बसत नाही. जॉर्ज एंगल यांनी १९७७ साली जैव-मनो-सामाजिक प्रारूप मांडलं, म्हणजे आजार बघताना शरीर, मन आणि भोवतालची माणसं तिन्ही बघायची. विद्यार्थी ते परीक्षेत झकास लिहितात आणि राउंडला ‘जैव’वर थांबतात. ‘मनो’साठी मला फोन येतो. ‘सामाजिक’ सिस्टरला ठाऊक असतं, असं सगळे गृहीत धरतात, आणि दुर्दैवानं ते खरं असतं.

आता त्या यादीबद्दल. लेखक कोण, याचे वैद्यकीय नियतकालिकांचे नियम आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा तपासणं, अंतिम संमती, आणि जबाबदारी. तुमचा भरीव वाटा होता. बाकीचं तुम्ही केलं नाहीत, म्हणून नाव नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याच नियमांत पुढे हेही आहे की ज्याचा पहिला वाटा आहे त्याला बाकीची संधी द्यायला हवी. मसुदा मी तुम्हाला कधी दाखवलाच नाही. विसरले म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे सुचलंच नाही.

दुसऱ्या पेपरचा कच्चा मसुदा तुमच्या ड्युटी रजिस्टरखाली ठेवलाय. तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात रात्रीच्या वेळा मी नोंदींवरून टाकल्यात, त्यांतल्या दोन मला चुकीच्या वाटतात. लाल पेन सोबत आहे. आणि पहिल्या पानावर वर एक जागा रिकामी सोडलीय, तिथे तुमचं पूर्ण नाव तुम्हाला हवं तसं लिहा.

तुमची,
तळमजल्यावरची सायकॉलॉजीवाली मॅडम