नाव ठरवायची घाई नाही

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर जे विचारलंस, त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं. म्हणून निवांत लिहायला बसले आहे. तुझ्या खोलीतली एक मैत्रीण म्हणते तू असेक्शुअल आहेस, म्हणजे लैंगिक ओढच न वाटणारी; दुसरी म्हणते डेमीसेक्शुअल, म्हणजे गाढ जवळीक झाल्यावरच ओढ वाटणारी; आणि तिसरी म्हणते की तू सरळसरळ बायसेक्शुअल आहेस, म्हणजे मुलगे-मुली दोघांकडे ओढ असणारी, फक्त कबूल करायला घाबरतेस. तू मला म्हणालीस की कॉलेजातल्या त्या मुलावर तुझा जीव जडला होता तसाच आता या मुलीवर जडलाय, पण शरीराची म्हणून जी ओढ लोक सांगतात ती दोन्ही वेळा जाणवली नाही. आणि मग विचारलंस, "आई, मी यातली नक्की कोण?"

आधी एक सांगते. तू हे मला सांगितलंस याचा फार आनंद झाला. तू हो म्हणालीस म्हणून बाबांनाही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ती जेवतेय ना नीट?" त्यांचं प्रेम कसं बोलतं ते तुला ठाऊक आहे.

वर्गीकरण हे माझं रोजचं काम. पंचवीसेक वर्षं मुलांना प्राणिशास्त्र शिकवते आहे. त्या अनुभवावरून सांगते, कुठलेही कप्पे समोर आले की आधी विचारायचं, हे कुणी पाडले आणि कशासाठी?

माणसाच्या ओढीचे आजचे कप्पे जेमतेम दीडशे वर्षांचे आहेत. ओढ अर्थातच त्याहून कितीतरी जुनी. कार्ल हाइनरिख उलरिक्स नावाच्या जर्मन वकिलाने १८६४पासून पुस्तिका छापायला सुरुवात केली. स्वतः पुरुषांवर प्रेम करणारा हा माणूस २९ ऑगस्ट १८६७ला म्युनिकमध्ये कायदेपंडितांच्या भरसभेत उभा राहिला आणि म्हणाला, अशा लोकांना शिक्षा देणारे कायदे रद्द करा. सभेने आरडाओरडा करून त्याला खाली बसवलं. पुढच्याच वर्षी कार्ल मारिया केर्टबेनी या लेखकाने उलरिक्सला लिहिलेल्या पत्रात 'होमोसेक्शुअल' (समलिंगी) आणि 'हेटेरोसेक्शुअल' (भिन्नलिंगी) हे शब्द पहिल्यांदा वापरले, आणि १८६९मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या असल्याच कायद्याविरुद्ध छापलेल्या पत्रकांतून त्यातला पहिला जगासमोर आणला. म्हणजे ही नावं तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांच्या बचावासाठी जन्मली. पुढे ती डॉक्टरांनी उचलली. १८८६मध्ये क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाने अशा ओढींना आजार ठरवणारा ग्रंथ काढला, आणि बचावाचं नाव निदानाची चिठ्ठी होऊन बसलं. ती चिठ्ठी अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी काढून टाकायला १९७३ साल उजाडलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. उलरिक्सच्याच लिखाणात एक गोष्ट आहे जी तुला वाचून बरं वाटेल. स्त्री आणि पुरुष दोघांकडे ओढ असणाऱ्यांचे त्याने दोन प्रकार मांडले होते. काहींची हळवी माया आणि शरीराची वासना एकाच दिशेने जातात, आणि काहींच्या बाबतीत माया एकीकडे, वासना दुसरीकडे. जीव जडणं आणि शरीर ओढलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्याला तेव्हा दिसलं होतं. तुझ्या मनात काही मोडलंय असं तुला वाटत असेल तर ते काढून टाक.

मग आला आल्फ्रेड किन्सी, आणि हा तर आमच्यातला माणूस. कीटकशास्त्रज्ञ. आपल्या कॉलेजच्या फाटकाजवळच्या सातविणीची पानं तू लहानपणी हातात घेऊन विचारायचीस, "याला पुळ्या कशाने आल्या?" त्या कीटकांनी केलेल्या गाठी. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी ब्लेडने गाठ चिरून भिंगाखाली दाखवते. आत फिकट पिवळं, इवलंसं पिल्लू पाय आखडून बसलेलं असतं. किन्सीने ओकच्या झाडावर अशाच गाठी करणाऱ्या गांधीलमाश्यांवर अनेक वर्षं काम केलं. हजारो नमुने, प्रत्येकाची मोजमापं. त्यातून तो एक शिकला, की एका जातीतलेही दोन जीव अगदी सारखे नसतात, आणि ठळक रेघा आपण मारतो, निसर्ग फारशा मारत नाही. हीच नजर घेऊन तो माणसांकडे वळला. १९४८च्या ग्रंथात त्याने शून्य ते सहा अशी पट्टी दिली. शून्य म्हणजे ओढ फक्त भिन्नलिंगी, सहा म्हणजे फक्त समलिंगी, मधे सगळ्या छटा. ज्यांना लैंगिक ओढच नाही त्यांच्यासाठी वेगळी 'एक्स' ही खूण. त्याच्या नमुन्यात कैदी आणि आपणहून पुढे आलेले लोक जास्त होते, म्हणून त्याची टक्केवारी मी वर्गात कधीच सांगत नाही. पण पट्टीची कल्पना भक्कम आहे.

तिच्यातली उणीवही तुझ्यासारख्यांमुळेच कळते. एकाच रेघेवर माणूस बसवला की माया आणि वासना एकत्र कालवली जातात. फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने १९७८मध्ये त्या सोडवल्या. शरीराची ओढ कुणाकडे, वागणं कसं, मनातल्या कल्पना कुणाच्या, भावनेने जवळ कोण, रमतेस कुणात, आयुष्य कुणाबरोबर घालवतेस आणि स्वतःला म्हणवतेस काय, असे सात प्रश्न. प्रत्येकाची उत्तरं तीन: पूर्वी काय, आता काय, आणि असावं असं काय वाटतं. एकवीस घरं झाली. तुला हौस असेल तर एका रविवारी भरून बघ. कुणाला दाखवू नकोस, मलाही नाही. एकवीसच्या एकवीस घरांत एकच उत्तर येणारी माणसं असतीलही, पण तू त्यांतली नसलीस तर नवल नाही.

'असेक्शुअल' म्हणवणारे लोक इंटरनेटवर एकमेकांना शोधू लागले. २००१मध्ये डेव्हिड जे या तरुणाने त्यांच्यासाठी तिथे एक व्यासपीठ उभं केलं, आणि तिथल्याच बोलण्यातून 'डेमीसेक्शुअल' हे नाव आलं. गाढ जवळीक झाल्यावरच ज्यांना ओढ वाटते ते. तुझ्या पहिल्या दोन मैत्रिणींचा अंदाज चुकीचा असेलच असं नाही. पण तो अंदाज आहे. तिसरीचं मात्र मला मुळीच पटलेलं नाही. "तू घाबरतेस" असं म्हटलं की समोरच्याला उत्तरच उरत नाही; नाही म्हटलं तरी ते भीतीतच जमा होतं. दुसऱ्याच्या मनाची ग्वाही देण्याचा हक्क कुणालाच नाही.

नावं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाहीये. आपल्याकडे १८६०च्या दंडसंहितेतलं, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ६ सप्टेंबर २०१८ला रद्द झालं, ते काही माणसं आपलं नाव घेऊन न्यायालयात उभी राहिली म्हणून. त्याच्या कितीतरी आधी र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उघड उत्तरं दिली. त्यावरून १९३४मध्ये त्यांच्यावर खटला झाला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, दंड झाला, मासिक मात्र कर्वे असेपर्यंत चालू राहिलं. आपल्या भाषेत हे बोलणाऱ्यांनी किंमत मोजली आहे. म्हणून तुझ्याशी मी आडून आडून बोलणार नाही.

तेव्हा एखादं नाव घेतल्याने तुला तुझ्यासारखी माणसं भेटत असतील, रात्री झोप लागत असेल, तर ते नाव जरूर घे. दोन वर्षांनी ते तोकडं वाटलं तर बदल. बदललंस म्हणून आधीचं खोटं ठरत नाही. आणि कुठलंच घ्यावंसं वाटलं नाही तर तशीच राहा. मात्र जिच्यावर तुझा जीव आहे तिला नाव नको, वस्तुस्थिती सांग: काय वाटतं, काय वाटत नाही, कशाला तयार आहेस, कशाला नाहीस. ते तिला कळायला हवं. तिची अपेक्षा वेगळी असेल तर तेही तुला वेळेत कळेल.

समुपदेशकाकडे जायचं म्हणालीस, जा. पैसे मी पाठवते. पण पहिल्याच भेटीत विचार, "तुम्ही मला बदलायचा प्रयत्न करणार का?" हो म्हणाले किंवा घोळवलं, तर उठून ये. असले 'उपचार' करणं डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये बजावलं आहे.

आत्याने तुझ्यासाठी स्थळ आणलंय. मी तिला सांगितलं, रेवाचं तिला ठरवू दे, पत्रिका मागू नका. यापुढे कुणीही विचारलं तर माझ्याकडे पाठव. दिवाळीला येशील तेव्हा एकटी ये किंवा तिला घेऊन ये. आधी कळव, म्हणजे माडीवरची खोली झाडून ठेवते.

तुझी,
आई