उरलेला रंग मोरीत नको, पण मग टाकायचा कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या रंगाच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाईकं येतात, एक रंग घ्यायला येणारी आणि दुसरी काम झाल्यावर अर्धा डबा पिशवीत घालून "हा परत घेता का हो" विचारायला येणारी. सीलबंद पांढरा डबा असला तर काहीतरी जमवता येतं पण शेड मशीनवर बनवलेली असते, बेसमध्ये, म्हणजे पायाच्या रंगात, एकदा कलरंट (छटा देणारा रंग) पडला की तो डबा तुमच्याच भिंतीचा, आम्ही तो दुसऱ्या कुणाला विकणार? मग पुढचा प्रश्न येतो, याचं करू काय, आणि खरं सांगू का, विचारणाऱ्याने बरेचदा मनात ठरवलेलंच असतं, मोरीत ओतून पाणी सोडायचं नाहीतर झाकण लावून सकाळी कचऱ्यात द्यायचं. दोन्ही चूक आहे आणि दोन्ही नियमाबाहेर आहे, म्हणून हे पत्र.

आधी मोरीचं बोलू. लोकांना वाटतं इमल्शन म्हणजे वॉटर बेस, म्हणजे पाणीच, वाहून जाईल. त्यात पाणी असतं हे खरं पण त्याच्याबरोबर ॲक्रिलिकचा चिकट भाग असतो, रंगद्रव्य असतं आणि डब्यात बुरशी लागू नये म्हणून घातलेली जंतुनाशकंही असतात. मोरीतलं पाणी मैलापाण्याच्या लाइनने शुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथलं काम जिवाणू करतात, त्यांना तुम्ही जंतुनाशक पाजताय. शिवाय पाइपात चिकटतं ते वेगळं. पण त्याहून वाईट म्हणजे पेंटर लोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये ड्रम आणि ब्रश धुतात ते, कारण तिथली जाळी बहुतेक वेळा पावसाळी गटाराची असते आणि पावसाळी गटार कुठल्याही केंद्रात जात नाही, सरळ ओढ्यात जातं. आमच्या बाजूला आंबिल ओढा आहे, कात्रजपासून येतो आणि दांडेकर पुलाकडून पुढे मुठेत मिळतो. २०१९ च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर त्या ओढ्याबद्दल सगळं शहर बोललं पण त्यात रोज काय काय ओततो त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता नियम. २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये "घरगुती घातक कचरा" असा एक वेगळा भाग होता आणि त्याच्या यादीत रंगाचे टाकून दिलेले डबे, कीटकनाशकाचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया हे सगळं नाव घेऊन लिहिलं होतं. म्हणजे ओला आणि सुका असे दोन डबे ठेवून आपण पुणेकर जे खूश असतो ना, तर तेव्हाच डबे तीन सांगितलेले होते. २०२६ च्या नव्या नियमांत तर चार भाग केलेत, ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, आणि रंगाचे डबे त्या चौथ्यात आहेत. त्या २०१६ च्या नियमांत हेही होतं की कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही आणि पुरायचाही नाही. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड असं हरित लवादाने २०१६ मध्येच सांगितलंय. सोसायटीच्या बागेत खड्डा खणून डबा गाडणारी माणसं मी पाहिलीत, त्यांना वाटतं माती सगळं पचवते.

दुसरी सवय, कचऱ्यात देणं. आपल्याकडे दारात कचरा न्यायला येणाऱ्या बहुतेक 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताई असतात. त्यांना घरटी पैसे मिळतात ते मिळतातच पण सुक्या कचऱ्यातला कागद, पुठ्ठा, प्लास्टिक वेगळं करून भंगारात विकणं ही त्यांची कमाई आहे, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. अर्धा लिटर रंगाचं सैल झाकण त्या पोत्यात उघडलं की अख्खं पोतं वाया, आणि हात-साडी खराब होते ती वेगळीच. आणि थिनरचा डबा असेल तर तो पुढे गाडीत दाबला जातो, फुटतो, आत पेट घेणारी वाफ आणि आजूबाजूला कागद. हे काही मी घाबरवायला सांगत नाही, थिनर काय चीज आहे ते दुकानात रोज बघतो.

मग करायचं काय. इमल्शन किंवा डिस्टेंपर थोडा उरला असेल तर डब्याचं झाकण काढून गच्चीवर उन्हात ठेवा, लहान मुलं आणि मांजरं जाणार नाहीत अशा जागी, आणि जास्त असेल तर त्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळा, भुसा कुठल्याही सुताराकडे फुकट मिळतो. चमच्याने हलत नाही इतका घट्ट झाला की झालं. वाळला म्हणजे तो सुका कचरा झाला असं मात्र समजू नका, यादीत डब्याचं नाव आहे, फक्त आता तो सांडणार नाही आणि हातात द्यायला सुरक्षित झाला. वेगळ्या पिशवीत घाला, वर मोठ्या अक्षरात "रंग" लिहा आणि घेणाऱ्याला तोंडाने सांगून द्या.

ब्रश-रोलर धुण्याआधी रद्दीवर पुसून काढा, मग बादलीत धुवा, बादली रात्रभर तशीच ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं पाणी बाथरूममध्ये ओता आणि गाळ वाळवा. एवढं करायला पेंटर कुरकुर करतो, करू दे, पैसे तुम्ही देताय.

ऑइल पेंट, थिनर, टर्पेंटाइन, पीयू पॉलिश यांना हा वाळवायचा उपाय लावू नका. झाकण उघडं ठेवलं तर घरभर वाफ होते आणि ती पेटते. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन काचेच्या बरणीत ठेवलं की रंग खाली बसतो, वरचं नितळ परत वापरता येतं, आमचे जुने पेंटर एक बाटली कितीतरी कामांना पुरवतात. बाकीचं झाकण घट्ट लावून, मूळ डब्यातच, गॅसपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवायचं आणि घातक कचऱ्याच्या केंद्रावरच द्यायचं. पाण्याच्या बाटलीत थिनर कधीही भरून ठेवू नका, घरात कोण काय समजून पिईल सांगता येत नाही. जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, ती मोकळ्या हवेत पसरून वाळवा नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

माळ्यावरच्या जुन्या डब्यांबद्दल एक वेगळी गोष्ट. घरगुती रंगात शिसं, हा विषारी धातू, ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइल पेंटचा डबा असेल, विशेषतः पिवळा, केशरी, लाल, तर "टाकायला कशाला, मुलांना चित्र रंगवायला दे" असं करू नका. पेठांमधल्या वाड्यांत जुने दरवाजे-खिडक्या कोरड्या पॉलिश पेपरने घासतात ती धूळही त्याच जातीची, ओलं करून घासा आणि खरवडलेले पापुद्रे झाडून कुंडीत टाकू नका.

खरं तर उरतोच का एवढा? हे माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतोय पण बोलतो. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट धरा, चार भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा केली की ४०० च्या आसपास. बऱ्या इमल्शनचा एक लिटर दोन कोट धरून सव्वाशे-दीडशे चौरस फूट जातो. म्हणजे ३ लिटरच्या जवळपास काम होतं, ४ लिटरचा डबा पुरून टचअपला थोडा उरतो. तरी लोक १० लिटर नेतात कारण पेंटरने चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतं. आणि मोठ्या डब्यांत पेंटरसाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड असतो, त्याचे पैसे त्याला मिळतात, ही गोष्ट आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत आहे आणि घरमालकाला कुणी सांगत नाही. सगळे पेंटर तसं करत नाहीत, पण चिठ्ठी हातात आली की भिंती स्वतः मोजून बघायला काय जातं?

टचअपसाठी ठेवायचा असेल तर झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून घट्ट ठोका आणि डब्यावर शेड नंबर, खोली, तारीख लिहा. पुढच्या वर्षी उघडल्यावर सडका वास आला किंवा ढवळूनही गाठी मोडत नसतील तर तो गेला. आणि चांगला असेल तर द्या हो कुणाला. गणपतीच्या आधी मंडळाचे कार्यकर्ते देखाव्यासाठी रंग विकत घेत फिरत असतात, त्यांना शेड कुठलीही चालते. सोसायटीच्या पार्किंगचे नंबर, कंपाउंड, टाकीची खोली, तिथे चार घरांचे उरलेले इमल्शन एकत्र करून मारले तर काय बिघडतं, रंग जरा मातकट येईल एवढंच. रिकाम्या २० लिटरच्या बादल्यांत झाडं लावा, पण पिण्याचं पाणी आणि धान्य त्यात भरू नका, कितीही घासली तरी.

आता तुमच्याकडे आणि महापालिकेकडे एक मागणं. २०१६ च्या नियमांतच असं होतं की घरगुती घातक कचरा देण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं आणि त्याच्या वेळा नागरिकांना कळवाव्यात. महापालिकेत २३ गावं आल्यावर शहर ५०० चौरस किलोमीटरच्या घरात गेलंय, म्हणजे हिशोबाने पंचवीसच्या आसपास केंद्रं होतात. महापालिकेने त्या सगळ्यांची पत्त्यासकट यादी द्यावी आणि तुम्ही ती नवरात्रात छापावी, दिवाळी झाल्यावर नको, तोवर सगळे डबे रिकामे झालेले असतात आणि कुठे ते आपल्याला माहीत आहे. वेळाही छापा, आणि त्यात निदान रविवार सकाळ असू द्या, कारण घराचा रंग लोक सुट्टीतच आवरतात, कामाच्या दिवशी थिनरचा डबा घेऊन पीएमपीच्या बसने कोण जाणार?

आपला,
एक रंगविक्रेता,
सिंहगड रस्ता, पुणे